अज्ञात सेंद्रिय नमुना ओळखायचा कसा: यूव्ही, आयआर आणि एनएमआर पहिल्यांदाच हाताळणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षात किंवा प्रकल्पाच्या सुरुवातीला हातात पांढरी पूड असलेली एक बाटली येते आणि सांगितलं जातं, 'स्पेक्ट्रा काढून आणा.' पुष्कळ जण थेट मशीनकडे जातात, आलेख छापून आणतात आणि मग पीक कुठल्या कोष्टकात बसतो ते शोधत बसतात. हा क्रम उलटा आहे. यूव्ही म्हणजे अतिनील प्रकाशाचं शोषण, आयआर म्हणजे अवरक्त प्रकाशाचं, आणि एनएमआर म्हणजे चुंबकक्षेत्रात अणुकेंद्रकं रेडिओलहरी शोषतात ते तंत्र. प्रत्येक तंत्र रेणूतल्या एकाच प्रकारच्या ऊर्जा-अंतराला हात घालतं. ते अंतर किती मोठं आहे हे आधी कळलं, तर किती नमुना लागेल, कोणतं द्रावक चालेल, कोणती क्युव्हेट (द्रावण भरायची चौकोनी कुपी) हवी आणि कोणती गोष्ट त्या तंत्राला दिसणारच नाही, हे सगळं आपोआप ठरतं. म्हणून मशीनआधी थोडं गणित.

१. ऊर्जेचं गणित पाठ करा

तीन आकडे पुरतात. १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागलं की ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. १,१९,६२७ ला त्याच तरंगलांबीने भागलं की किलोज्यूल प्रति मोलमध्ये मिळते. आणि आयआरच्या आलेखावरची १ प्रति सेमी तरंगसंख्या म्हणजे ११.९६ ज्यूल प्रति मोल.

आता यूव्ही-व्हिजिबल घ्या. २०० ते ८०० नॅनोमीटर म्हणजे ५९८ ते १५० किलोज्यूल प्रति मोल. रासायनिक बंध तोडायला लागते त्याच तोडीची ही ऊर्जा आहे, आणि ती इलेक्ट्रॉनला एका कक्षकातून दुसऱ्यात उचलते. आयआरमध्ये ४००० ते ४०० प्रति सेमी म्हणजे ४८ ते ४.८ किलोज्यूल. एवढ्यात बंध तुटत नाही, फक्त जास्त जोराने कंप पावतो. त्याखाली मायक्रोवेव्ह, जिथे रेणूचं फिरणं बदलतं. कार्बन मोनॉक्साइडचं पहिलं परिभ्रमण-संक्रमण ११५.२७ गिगाहर्ट्झला, म्हणजे २.६ मिलिमीटर तरंगलांबीला येतं. त्याची ऊर्जा ४६ ज्यूल प्रति मोल. आकाशगंगेतले थंड रेणुमेघ खगोलशास्त्रज्ञ याच रेषेवरून नकाशावर आणतात. सगळ्यात तळाला एनएमआर: ४०० मेगाहर्ट्झला प्रोटॉनच्या (हायड्रोजनच्या केंद्रकाच्या) दोन पातळ्यांत फक्त ०.१६ ज्यूल प्रति मोल एवढं अंतर असतं.

हे आकडे खोलीच्या तापमानाच्या ऊष्मीय ऊर्जेशेजारी ठेवा. २५ अंश सेल्सिअसला ती २.४८ किलोज्यूल प्रति मोल, म्हणजे साधारण २०७ प्रति सेमी असते. यातून निघणारी गोष्ट महत्त्वाची आहे. इलेक्ट्रॉनीय उत्तेजित पातळी खोलीच्या तापमानाला रिकामीच असते. १७०० प्रति सेमीच्या कंपनाची वरची पातळीही जवळपास रिकामी, दहा हजारांत तीन रेणूसुद्धा तिथे नसतात. परिभ्रमणाच्या मात्र अनेक पातळ्या एकाच वेळी भरलेल्या असतात. आणि एनएमआरमध्ये दोन्ही पातळ्या जवळपास सारख्याच भरलेल्या: ४०० मेगाहर्ट्झला १० लाख प्रोटॉनांमागे खालच्या पातळीत वरच्यापेक्षा जेमतेम ३२ जास्त. सिग्नल फक्त त्या ३२ चा. म्हणून यूव्हीला मायक्रोग्रॅम पुरतात आणि एनएमआरला मिलिग्रॅम लागतात. मशीन जुनं की नवं, हा मुद्दा त्यानंतरचा.

आणखी एक. मोठ्या अंतराच्या आत लहान अंतरं दडलेली असतात. इलेक्ट्रॉन उचलला जातो तेव्हा सोबत कंपन आणि परिभ्रमणही बदलतं, शिवाय द्रावकाचे रेणू सतत धडकत असतात. म्हणून द्रावणातला यूव्ही पीक डोंगरासारखा पसरट येतो. तो सुईसारखा आला नाही म्हणून मशीनला दोष देऊ नका.

२. काय दिसतं आणि काय दिसत नाही

ऊर्जा जुळली म्हणजे शोषण होईलच असं नाही. आयआरमध्ये कंपनासोबत रेणूचा द्विध्रुव (धन-ऋण विद्युतभाराची विभागणी) बदलला पाहिजे. हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन आयआरला अदृश्य आहेत ते यामुळेच. नाहीतर उघड्या हवेत आयआर घेताच आली नसती. कार्बन डायऑक्साइडचं सममित ताणणंही दिसत नाही, पण असममित ताणणं २३४९ प्रति सेमीला आणि वाकणं ६६७ ला ठळक दिसतं. मशीनमध्ये कोरडी हवा किंवा नायट्रोजन सोडतात तो या वायूला आणि पाण्याच्या वाफेला हाकलण्यासाठी.

रामन वर्णपटात नियम वेगळा आहे: तिथे ध्रुवणशीलता (इलेक्ट्रॉनांचा ढग किती सहज ताणला जातो ते) बदलावी लागते. केंद्रसममित (मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंना सारख्या) रेणूत जे कंपन आयआरला दिसतं ते रामनला दिसत नाही, आणि उलट. दोन्ही बाजूंनी सारखे गट असलेल्या अल्काइनचा तिहेरी बंध आयआरमध्ये गायब असेल, तर 'तिहेरी बंध नाही' असा निष्कर्ष काढू नका.

३. काय जमवायचं

- नमुना: निदान ५० मिलिग्रॅम, कोरडा, एकाच बाटलीतला. त्यातले १० मिलिग्रॅम वेगळे राखून ठेवा.
- क्वार्ट्झच्या १० मिलिमीटर क्युव्हेट, एक जोडी. जोडी म्हणजे जुळवलेली. कपाटातल्या कुठल्याही दोन नव्हेत.
- स्पेक्ट्रोस्कोपी दर्जाचं द्रावक: इथेनॉल, अ‍ॅसिटोनायट्राइल किंवा हेक्झेन.
- पोटॅशियम ब्रोमाइड, अगेटचा खल, १३ मिलिमीटरची डाय, हायड्रॉलिक प्रेस. एटीआर (पूड थेट स्फटिकावर ठेवून आयआर घ्यायची सोय) असेल तर यातलं काहीच नको.
- ड्युटेरेटेड (हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम हा जड हायड्रोजन असलेलं) क्लोरोफॉर्म किंवा डीएमएसओ, ५ मिलिमीटरच्या एनएमआर नळ्या, पाश्चर पिपेट, कापूस.
- तपासणीसाठी होल्मियम ऑक्साइडचा फिल्टर आणि पॉलिस्टायरीनची फिल्म. दोन्ही सहसा मशीनच्या खणातच पडलेली असतात, विचारा.
- संदर्भासाठी जपानच्या एआयएसटी संस्थेचा एसडीबीएस संग्रह आणि अमेरिकेच्या एनआयएसटीचं केमिस्ट्री वेबबुक. दोन्ही इंटरनेटवर मोफत आहेत.

४. मशीनला हात लावण्याआधी

टीएलसी (पातळ थरावरची क्रोमॅटोग्राफी) करा. दोन वेगवेगळ्या द्रावक-मिश्रणांत एकच ठिपका दिसला तरच पुढे जा. मिश्रणाचा एनएमआर सोडवण्यात जे तास जातात, त्याहून कमी वेळात कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) लावून होतो. त्यानंतर वितळबिंदू घ्या. तो दोन अंशांपेक्षा जास्त पसरत असेल तर नमुना अजून ओला किंवा अशुद्ध आहे.

मग नमुना व्हॅक्यूममध्ये सुकवा. राहिलेलं द्रावक तिन्ही तंत्रांत तीन वेगळ्या रूपांत त्रास देतं, आणि प्रत्येक वेळी ते 'नवीन गट सापडला' असं भासवतं.

मास स्पेक्ट्रममधून किंवा मूलद्रव्य-विश्लेषणातून रेणुसूत्र मिळालं असेल तर असंपृक्ततेचा अंक (कडी आणि जादा बंध मिळून किती ते) काढून वहीच्या वर लिहा. कार्बनांची संख्या दुप्पट करा, २ मिळवा, नायट्रोजनांची संख्या मिळवा, हायड्रोजन आणि हॅलोजन वजा करा, आणि २ ने भागा. ऑक्सिजन मोजायचा नाही. उत्तर ४ किंवा जास्त आलं की बेंझिनच्या कड्याचा संशय घ्या.

५. यूव्ही-व्हिजिबल

दिवे चालू करून २० ते ३० मिनिटं थांबा. बहुतेक मशीनमध्ये यूव्हीसाठी ड्युटेरियमचा आणि दृश्य प्रकाशासाठी टंगस्टन-हॅलोजनचा असे दोन दिवे असतात आणि साधारण ३४० ते ३६० नॅनोमीटरच्या दरम्यान अदलाबदल होते. आलेखात नेमकी तिथे एक छोटी पायरी दिसली तर ती रेणूची नव्हे, दिव्यांची आहे.

द्रावक निवडताना त्याची खालची मर्यादा बघा. त्या तरंगलांबीच्या खाली द्रावक स्वतःच प्रकाश गिळतं. अ‍ॅसिटोनायट्राइल साधारण १९० नॅनोमीटर, इथेनॉल २१०, क्लोरोफॉर्म २४५, डीएमएसओ २६८, टोल्यूइन २८५, अ‍ॅसिटोन ३३०. अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून २५० नॅनोमीटरचा पीक शोधणं व्यर्थ आहे. पण ४२५ ला शोषणाऱ्या पिवळ्या रंगद्रव्यासाठी तेच अ‍ॅसिटोन बिनधास्त चालतं.

क्युव्हेटचंही तसंच. साधी काच साधारण ३२० ते ३४० नॅनोमीटरच्या खाली प्रकाश जाऊ देत नाही, म्हणून यूव्हीला क्वार्ट्झ. पॉलिस्टायरीनच्या स्वस्त क्युव्हेटमध्ये क्लोरोफॉर्म किंवा अ‍ॅसिटोन ओतलं तर भिंतच विरघळते आणि मशीनच्या आत सांडतं. क्युव्हेट धुरकट बाजूंनी धरा, पारदर्शक बाजू मऊ टिश्यूने पुसा, दर वेळी खूण एकाच दिशेला ठेवा. ३ मिलिलिटरपेक्षा जास्त भरू नका.

ब्लँक (नमुना न घालता घेतलेला आलेख) त्याच बाटलीतल्या द्रावकाचा घ्या. शोषणांक ०.२ ते ०.८ च्या दरम्यान येईल एवढं द्रावण पातळ करा. याचं कारण समजून घ्या: शोषणांक २ म्हणजे फक्त १ टक्का प्रकाश पलीकडे पोहोचतो, ३ म्हणजे ०.१ टक्का. मशीनमध्ये इकडचा-तिकडचा भटका प्रकाश जेमतेम ०.१ टक्का जरी असला, तरी खरा ३ असलेला अंक २.७ दिसतो. पीकचं डोकं सपाट किंवा करवतीसारखं दातेरी आलं तर तो पीक नाहीच. दहापट पातळ करून पुन्हा घ्या.

एक प्रत्यक्ष उदाहरण. सांगलीच्या हळदीतलं करक्युमिन मोजायचं आहे. इथेनॉलमध्ये त्याचं सर्वाधिक शोषण ४२५ नॅनोमीटरला, आणि १ टक्का द्रावणाचा १ सेंटिमीटरमधला शोषणांक १६०७ धरतात. शुद्ध करक्युमिनचे १० मिलिग्रॅम १०० मिलिलिटर इथेनॉलमध्ये घेतले तर शोषणांक १६ च्या आसपास जाईल, म्हणजे निरर्थक. त्यातलं ३ मिलिलिटर पुन्हा १०० मिलिलिटरला न्या. आता लिटरला ३ मिलिग्रॅम, आणि अंक सुमारे ०.४८. हे आधी वहीत केलं तर मशीनसमोर वेळ जात नाही. फ्लास्कभोवती अ‍ॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळा, कारण करक्युमिन प्रकाशात खराब होतं. काचेला अल्कली लागलेली असेल तर रंग लालसर होतो आणि सगळं मोजमाप बिघडतं, तेव्हा फ्लास्क शेवटी इथेनॉलने खंगाळा. आणि लक्षात ठेवा, हळदीत करक्युमिनसोबत त्याचे दोन जवळचे भाऊबंद असतात आणि तेही इथेच शोषतात. त्यामुळे ४२५ चा अंक तिघांची बेरीज सांगतो. एकट्या करक्युमिनचा आकडा हवा असेल तर एचपीएलसीला (घटक वेगळे करून मोजणाऱ्या क्रोमॅटोग्राफीला) पर्याय नाही.

पीकची जागा काय सांगते? एथिलीनचा एकटा दुहेरी बंध १६५ नॅनोमीटरला, म्हणजे ७२५ किलोज्यूलला शोषतो. ब्युटाडायिनमध्ये दोन बंध एकाआड एक आले की तेच २१७ नॅनोमीटर, ५५१ किलोज्यूल. करक्युमिनच्या लांब साखळीत ते २८१ किलोज्यूलवर उतरतं आणि डोळ्यांना पिवळा रंग दिसतो. एकाआड एक बंधांची साखळी जितकी लांब, तितकं अंतर कमी. यूव्हीकडून एवढंच मागा. गट ओळखणं त्याचं काम नाही.

नेहमी बिघडणाऱ्या गोष्टी: आलेख कमी तरंगलांबीकडे सावकाश चढत जातो, तर द्रावण गढूळ आहे, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. शोषणांक उणे येतो, तर ब्लँक आणि नमुन्याचं द्रावक वेगळं आहे किंवा ब्लँकची क्युव्हेट मळकी आहे. तरंगलांबीवरच शंका असेल तर होल्मियमचा फिल्टर लावून ३६१ आणि ५३६ नॅनोमीटरजवळचे पीक जागेवर आहेत का बघा.

६. आयआर

पोटॅशियम ब्रोमाइड ११० अंशांवर सुकवून डेसिकेटरमध्ये ठेवलेलं हवं. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, हे मीठ बाटलीचं झाकण उघडताच ओलावा खेचतं. मग ३४०० ला रुंद आणि १६४० ला मध्यम पीक येतो, आणि नवखा माणूस अल्कोहोल सापडलं असं लिहून मोकळा होतो. त्यावर उपाय: त्याच दिवशी, त्याच मिठाची, नमुना न घालता एक गोळी करा आणि तिचा आलेख शेजारी ठेवा. दोन्हींत ३४०० सारखाच असेल तर ते पाणी आहे.

गोळीसाठी १ ते २ मिलिग्रॅम नमुना आणि १५० ते २०० मिलिग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड. नमुना आधी एकटा बारीक करा, मग मीठ घालून भरभर मिसळा. मीठ फार वेळ घोटत बसलात तर ते हवेतलं पाणी शोषतं. डायमध्ये सारखं पसरवा, व्हॅक्यूम लावा, ८ ते १० टन दाब एक-दोन मिनिटं द्या. गोळी काचेसारखी पारदर्शक हवी. दुधाळ झाली तर ओलावा किंवा जाडसर कण, ठिपके दिसले तर नीट मिसळलं नाही. कण तरंगलांबीच्या तोडीचे राहिले की प्रकाश विखुरतो आणि ४००० कडची बेसलाइन खाली कलते.

सगळ्यात ठळक पीकला ५ ते १० टक्के प्रकाश पार गेला पाहिजे. पीक तळाला टेकून सपाट झाले असतील तर नमुना कमी करून नवी गोळी करा. सॉफ्टवेअरमधून आलेख ताणून ते दुरुस्त होत नाही. अमाइनचा हायड्रोक्लोराइड क्षार असेल तर ब्रोमाइडऐवजी पोटॅशियम क्लोराइड वापरा, नाहीतर दाबाखाली आयनांची अदलाबदल होऊन दुसऱ्याच क्षाराचा आलेख मिळतो. काम झालं की डाय लगेच पाण्याने पुसा, अ‍ॅसिटोनने सुकवा आणि डेसिकेटरमध्ये परत ठेवा. राहिलेलं मीठ रात्रीतून पोलादाला गंज चढवतं.

एटीआरवर हे सगळं वाचतं: हिऱ्याच्या स्फटिकावर चिमूटभर पूड, वरून दाबपट्टी, झालं. पण प्रकाश नमुन्यात साधारण अर्धा ते दोन मायक्रॉनच शिरतो आणि कमी तरंगसंख्येला जास्त खोल जातो, म्हणून डावीकडचे (जास्त तरंगसंख्येचे) पीक गोळीच्या आलेखापेक्षा बुटके दिसतात. जुन्या संग्रहाशी तुलना करताना एटीआर करेक्शन लावा. हिरा स्वतः १९०० ते २३०० च्या पट्ट्यात शोषतो, त्यामुळे तिथला लहानसा पीक दोनदा तपासा. पुसायला आयसोप्रोपेनॉल. स्फटिक झिंक सेलेनाइडचा असेल तर त्यावर आम्ल ठेवू नका.

बॅकग्राउंड (नमुना न ठेवता घेतलेला आलेख) नमुन्याच्या लगेच आधी घ्या, ४ प्रति सेमी विभेदन आणि १६ किंवा ३२ स्कॅन. २३५० जवळ वर किंवा खाली एक जोड-पीक दिसेल. ती तुमच्या श्वासाची आणि खोलीतल्या हवेची देणगी आहे. बॅकग्राउंड घेतल्यानंतर खोलीत चार माणसं आली की ती वाढते. नायट्राइलचा पीक २२१० ते २२६० ला येतो, त्याच्याशी गल्लत करू नका. मशीन तरंगसंख्या बरोबर दाखवतं का ते तपासायचं तर पॉलिस्टायरीनची फिल्म लावून १६०१ चा पीक बघा.

आलेख वाचायचा क्रम ठरवून घ्या:

- आधी १६४० ते १८०० चा पट्टा. इथे जोरदार पीक नसेल तर कार्बोनिल नाही, आणि निम्मे पर्याय गळले.
- कार्बोनिल असेल तर नेमका अंक वाचा. साधा कीटोन १७१५, एस्टर १७३५ ते १७५०, अमाइड १६४० ते १६९०. कड्याशी किंवा दुहेरी बंधाशी जोडलेला असेल तर ३० च्या आसपास खाली उतरतो.
- मग ३२०० ते ३६००. रुंद पीक हायड्रॉक्सिलचा. दोन छोटी टोकं असतील तर प्राथमिक अमाइन. २५०० ते ३३०० पर्यंत पसरलेला ढिसाळ उंचवटा आणि सोबत कार्बोनिल म्हणजे कार्बोक्झिलिक आम्ल.
- २८२० आणि २७२० ला छोटी जोडी असेल तर अल्डिहाइड. हिच्याकडे हमखास दुर्लक्ष होतं.
- ३००० ची रेष. तिच्या वर दुहेरी बंधावरचे किंवा कड्यावरचे हायड्रोजन, खाली साधे.

१५०० च्या खालचा भाग ओळख पटवण्यासाठी ठेवा, अर्थ लावण्यासाठी नको. तिथला प्रत्येक पीक कशाचा ते लिहायचा हट्ट धरला की चुका सुरू होतात.

पीक जागा का बदलतो हे बंधाची ताकद आणि अणूंचं वस्तुमान ठरवतात. हायड्रोजन क्लोराइड २८८६ ला शोषतो, हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम घातला की २०९१. बंध तोच, फक्त वस्तुमान वाढलं. हीच युक्ती नमुन्यात वापरता येते: जड पाण्याने हलवल्यावर ३३०० चा पीक २४०० च्या आसपास सरकला, तर तो अदलाबदल होणाऱ्या हायड्रोजनाचाच होता.

७. रामन, हाताशी असेल तर

२८ फेब्रुवारी १९२८ ला कोलकात्यात सी. व्ही. रामन यांनी के. एस. कृष्णन यांच्यासोबत हा परिणाम पाहिला. राष्ट्रीय विज्ञान दिन त्याच तारखेला असतो. आज त्यासाठी लेझर आहेत. पाण्यातल्या नमुन्याला रामन उत्तम, कारण पाणी इथे फारच फिकं दिसतं, आणि काचेच्या बाटलीतूनही मोजता येतं. हिरवा ५३२ नॅनोमीटरचा लेझर जोरदार सिग्नल देतो, पण हळदीसारखे रंगीत नमुने त्याखाली प्रतिदीप्त होऊन सगळा आलेख बुडवतात. अशा वेळी ७८५ लावा. शक्ती सर्वात कमीपासून सुरू करा, गडद नमुना जळतो. सुरुवातीला सिलिकॉनचा तुकडा ठेवून ५२०.५ ची रेष जागेवर आहे याची खात्री करा.

८. एनएमआर

प्रोटॉनसाठी ५ ते १० मिलिग्रॅम, कार्बनसाठी २० ते ३०. द्रावक ०.६ मिलिलिटर, नळीत ४ ते ५ सेंटिमीटर उंची. उंची कमी असेल तर चुंबकक्षेत्र एकसारखं करता येत नाही आणि सगळे सिग्नल पायाशी पसरतात. द्रावण पाश्चर पिपेटमध्ये कापसाचा छोटा बोळा घालून गाळा. तरंगणारा कण किंवा उत्प्रेरकातून आलेलं लोह-तांबं राहिलं तर रेषा जाड होतात. तडा गेलेली नळी वापरू नका. ती आत फुटली तर त्या दिवशी सगळ्यांचं काम थांबतं.

खोलीत शिरण्याआधी एटीएम कार्ड, मोबाइल, किल्ल्या बाहेर ठेवा. पेसमेकर असलेल्या व्यक्तीने आत जायचं नाही. ४०० मेगाहर्ट्झच्या मशीनचा चुंबक ९.४ टेस्लाचा असतो आणि रात्रंदिवस चालूच असतो.

आलेख आला की आधी ओळखीचे पाहुणे खोडा. ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये ७.२६ पीपीएमला (आडव्या अक्षावरचं एकक) द्रावकाचा उरलेला प्रोटॉन, १.५६ ला पाणी, २.१७ ला अ‍ॅसिटोन, ५.३० ला डायक्लोरोमीथेन, १.२६, २.०५ आणि ४.१२ हे तिन्ही एकत्र दिसले तर एथिल अ‍ॅसिटेट. डीएमएसओमध्ये द्रावक २.५० ला आणि पाणी ३.३३ ला. नळी धुऊन अ‍ॅसिटोनने सुकवली असेल तर २.१७ चा सिग्नल जवळपास ठरलेला. नळ्या व्हॅक्यूममध्ये सुकवा, पण फार तापवू नका, वाकतात.

मग क्रमाने: किती प्रकारचे प्रोटॉन, प्रत्येकाचं प्रमाण, किती रेषांत फुटला. फाटाफूट हर्ट्झमध्ये मोजा, पीपीएममध्ये नको. एकमेकांचे शेजारी असलेल्या दोन गटांत तेच हर्ट्झ सापडले पाहिजेत. हायड्रॉक्सिल किंवा अमाइनचा संशय असेल तर नळीत एक थेंब जड पाणी घालून हलवा आणि पुन्हा घ्या. जो सिग्नल गेला तो त्यांचा. आम्लाने बिघडणारा नमुना असेल तर क्लोरोफॉर्म आधी पोटॅशियम कार्बोनेटवरून काढा.

कार्बनमध्ये धीर लागतो. कार्बन-१३ निसर्गात फक्त १.१ टक्का आहे. सिग्नल आणि गोंगाटाचं प्रमाण स्कॅनच्या वर्गमुळाने सुधारतं, म्हणजे दुप्पट स्वच्छ आलेखाला चौपट वेळ. हायड्रोजन नसलेला कार्बन सावकाश पूर्ववत होतो आणि बुटका दिसतो. कार्बोनिल सापडत नाही असं वाटलं तर दोन स्कॅनमधला थांबा वाढवा. आणि साध्या कार्बन आलेखात पीकच्या उंचीवरून कार्बन मोजू नका.

९. तिन्ही एकत्र वाचणं

समजा रेणुसूत्रात ८ कार्बन, ८ हायड्रोजन, १ ऑक्सिजन. असंपृक्ततेचा अंक ५. बेंझिनचं कडं ४ घेतं, उरलं १. सरळ उमेदवार तीन: अ‍ॅसिटोफिनोन, पॅरा-टॉलुअल्डिहाइड, फिनाइलअ‍ॅसिटाल्डिहाइड.

आयआरमध्ये १६८५ ला जोरदार पीक. फिनाइलअ‍ॅसिटाल्डिहाइडचा कार्बोनिल कड्याला जोडलेला नाही, तो १७२५ च्या आसपास आला असता. तो बाद. २७२० च्या जोडीचा पत्ता नाही, म्हणजे टॉलुअल्डिहाइडही डळमळीत. पण 'दिसत नाही' यावर निर्णय घ्यायचा नसतो.

यूव्हीमध्ये इथेनॉलमध्ये २४० नॅनोमीटरजवळ मोठा पीक, ज्याचा मोलर शोषणांक (लिटरला १ मोल द्रावणाचा १ सेंटिमीटरमधला शोषणांक) सुमारे १३,०००. कडं आणि कार्बोनिल जोडलेले आहेत हे पक्कं झालं, पण टॉलुअल्डिहाइडमध्येही ते तसेच जोडलेले असतात. यूव्ही इथे निवाडा करू शकत नाही. याच रेणूत ३१९ ला ऑक्सिजनच्या एकट्या जोडीचं संक्रमण असतं, त्याचा मोलर शोषणांक फक्त ५० च्या आसपास. लिटरला ६ मिलिग्रॅमच्या द्रावणात मोठा पीक ०.६५ येतो, तेव्हा हा ०.००३ च्याही खाली राहतो. तो बघायचा तर शंभरपट घट्ट द्रावण करून फक्त २९० च्या पुढे स्कॅन करा. एकाच द्रावणात दोन्ही दिसावेत अशी अपेक्षा ठेवल्यामुळे हे संक्रमण पुष्कळांच्या प्रयोगवहीत कधी येतच नाही.

निवाडा प्रोटॉन एनएमआर करतं. २.६० ला तीन प्रोटॉनांची एक सरळ रेष, ७.४६ ला दोन, ७.५६ ला एक, ७.९५ ला दोन. अल्डिहाइडचा प्रोटॉन ९.९६ ला असता, तो नाही. कड्यावर पाच प्रोटॉन आहेत. टॉलुअल्डिहाइडमध्ये चार असते, दोन-दोनच्या जोड्यांत. कार्बन आलेखात १९८ ला कार्बोनिल आणि २६.६ ला मिथाइल. अ‍ॅसिटोफिनोन.

१०. नमुना बाहेर पाठवायचा असेल तर

कॉलेजात एनएमआर नसेल तर आयआयटी मुंबईच्या एसएआयएफसारख्या केंद्रांत बाहेरच्या विद्यार्थ्यांचे नमुनेही घेतात, आणि देशभरातली कोणती मशीन कुठे आहेत ते केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर शोधता येतं. दर आणि अर्जाची पद्धत प्रत्येक ठिकाणची वेगळी असते, आणि ती बदलते. पाकीट बंद करण्याआधी त्या केंद्राच्या पानावरून ताजी माहिती घ्या. सहसा हे तयार ठेवावं लागतं:

- भरलेला अर्ज, मार्गदर्शकांची सही आणि विभागप्रमुखांचा शिक्का
- विद्यार्थी ओळखपत्राची प्रत. शैक्षणिक दर त्यावरच मिळतो
- शुल्क भरल्याची पावती
- नमुन्याचा सांकेतिक क्रमांक, अपेक्षित रचना, वितळबिंदू आणि तो कशात विरघळतो
- विषारी, ज्वालाग्राही किंवा ओलाव्याला नाजूक असल्यास तसं स्पष्ट लिहिलेलं

'कशात विरघळतो' हा रकाना रिकामा सोडू नका. स्वतः साध्या क्लोरोफॉर्ममध्ये आणि डीएमएसओमध्ये चिमूट टाकून बघा आणि लिहा, नाहीतर नमुना 'अविद्राव्य' शेरा मारून परत येतो. स्क्रू-झाकणाच्या छोट्या काचेच्या बाटलीत पाठवा, झाकणावर पॅराफिल्म लावा, नाव कागदावर लिहून वरून पारदर्शक टेप लावा. मार्करची शाई द्रावकाने पुसली जाते.

परत येताना फक्त पीडीएफ घेऊ नका. एनएमआरची मूळ एफआयडी (कच्च्या सिग्नलची) फाइल आणि आयआर-यूव्हीचे आकडे असलेली फाइल मागून घ्या. पीडीएफवर पुन्हा बेसलाइन नीट करता येत नाही, जवळचे दोन पीक मोठे करून पाहता येत नाहीत आणि प्रमाणही नव्याने मोजता येत नाही. केंद्रात हा डेटा काही काळानंतर पुसला जातो, म्हणून अर्जावरच तसं लिहून द्या.